एकावरची सम

परवा सून म्हणाली, "आई, शनिवारी रेवाच्या शाळेत चला. घरच्या सगळ्यांना बोलावलंय. गणित, चित्रकला आणि गाणं यांचा एकमेकांशी काय संबंध आहे ते मुलांबरोबर आपणही करून बघायचं. अगदी नवीन कल्पना आहे." मी मेथी निवडत होते. म्हटलं, नवीन काही नाही, आणि मी येणार नाही. ती म्हणाली, एवढं चिडायला काय झालं? काय झालं ते सांगायला मला मेथीची एक जुडी पुरली नसती. म्हणून इथे लिहिते आहे. म्हातारपणी राग निवतो असं लोक म्हणतात. ते बहुतेक अशी माणसं असावीत ज्यांना रागावण्यासारखं काही घडलंच नाही.

आमचं गाव उर्से आणि सोमाटणे यांच्या मधल्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी. शेतं सगळी भाताची. वरकस माळावर नाचणी आणि वरई. रोजच्या जेवणात नाचणीची नाहीतर तांदळाची भाकरी, भात, आणि जे मिळेल त्याचं कोरड्यास. पावसाळ्यात ओढ्याचे खेकडे असायचे. आई ते पाट्यावर वाटून, पिळून त्याचा रस्सा करायची आणि त्या दिवशी घरात कोणी बोलायचं नाही, नुसता भुरके मारल्याचा आवाज. गहू आमच्याकडे पिकत नव्हता. वडगावच्या बाजारातून आबा, म्हणजे माझे वडील, गहू आणायचे तो सणापुरता, आणि एक मडकं भरून पीठ वेगळं ठेवायचे ते मृदंगाचं. त्या मडक्याला हात लावायचा नाही हा घराचा कायदा होता. आबा देवळातल्या भजनाला मृदंग वाजवायचे. मृदंगाच्या डाव्या तोंडाला भिजवलेली कणीक थापावी लागते, त्याशिवाय त्याचा आवाज खर्जात उतरत नाही, नुसता डबा बडवल्यासारखा वाजतो. म्हणजे आमच्या घरात माणसं नाचणी खायची आणि गहू खायचा मृदंग. लहानपणी मला यात काही वावगं वाटत नव्हतं. भजन झालं की वाळलेली कणीक खरवडून निघायची, ती मी निखाऱ्यावर भाजून खायची. काळी, चिवट, चामड्याचा वास असलेली. मला ती आवडायची.

कणीक मळण्याचं काम माझ्याकडे होतं. ती फार सैल झाली तर ओघळते, घट्ट झाली तर तडकते. आबा थाप मारायचे आणि मी चुलीपाशी बसल्या बसल्या सांगायचे, अजून जरा लावा, नाहीतर कडेची काढा. एकदा त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "तुला ऐकू येतं व्हय गं?" दुसऱ्या दिवसापासून ते मला शिकवायला लागले. मृदंगावर नाही, लाकडी काठवटीवर. माझ्यामागून झालेली भावंडं जगली नव्हती, मुलगा नव्हता, आणि हातातली विद्या कोणाच्या तरी हातात घालावी असं त्यांना वाटलं असणार. सकाळी आई पाण्याला गेली की काठवट पालथी घालायची आणि मी बोटं आपटायची. पहिली गोष्ट त्यांनी शिकवली ती सम. तालाची फेरी जिथून सुरू होते आणि फिरून जिथे येते ती पहिली मात्रा म्हणजे सम. आबा सांगायचे, "कितीबी उड्या मार, कुटंबी भटक, पर एकावर ये. एकावर सम. तिथं चुकलीस तर समदं चुकलं." आणि शेवटी दर वेळी, "बाहेर बोलू नगंस. पोरीच्या जातीनं थाप मारली तर लोक तमाशात घालतील."

आईला सगळं माहीत होतं. तिला काय कळत नव्हतं ते मला आजवर सापडलेलं नाही. तिची कला रांगोळीची. अंगणात सडा घालून ती ठिपके मांडायची आणि तेव्हाच आबा ओसरीवर मृदंगाचा सराव करायला बसायचे. प्रत्येक मात्रेला तिचा एक ठिपका पडायचा. फेरी संपून सम आली की ती खाली नवी ओळ धरायची. त्यामुळे तिच्या ओळीत नेहमी आठच ठिपके, आणि प्रत्येक ओळीतला पहिला जरा जाड, तो समेचा. मग त्यांच्या भोवतीनं एकच रेघ फिरवत न्यायची, हात न उचलता, आणि जिथून निघाली तिथेच आणून मिटवायची. आबांना हे आवडायचं नाही असं नाही, पण कौतुक करतील तर ते आबा कसले.

"कशाला एवढा जीव काढतीस? घटकाभरात कोंबड्या इसकटत्यात," ते म्हणायचे.

"आन् तुमचा ठोका कुटं ऱ्हातो? तो तर कोंबडी याच्या आदीच गेला की," आई मान वर न करता म्हणायची.

ही रांगोळी एका सकाळी आमच्या मास्तरांनी पाहिली. मास्तर तळेगावचे, तरुण, सडपातळ, देवळाच्या मागच्या खोलीत राहायचे. ते आमच्या अंगणाच्या कडेला उभे राहिले, एकदा रांगोळीकडे आणि एकदा ओसरीवरच्या आबांकडे बघत. आईला वाटलं पाणी हवंय. त्यांनी विचारलं, "बाई, हे ठिपके किती हो?" आई म्हणाली, "मोजलं न्हाईत. ह्यांचं वाजवून झालं की माजं मांडून हुतं." मास्तर हसत सुटले. मग म्हणाले, रविवारी दोघंही शाळेत या, मृदंग घेऊन आणि रांगोळी घेऊन.

तिथून ते रविवार सुरू झाले. शाळेला सुट्टी असायची आणि मास्तर फळा बाहेर काढून लिंबाच्या झाडाला टेकवायचे. पोरं एकटी नाही, आईबापांना घेऊन यायची. माझ्या आईनं जन्मात पहिल्यांदा खडू हातात धरला तो त्या झाडाखाली. ती फळ्यावर ठिपके मांडायची, आबा ठेका धरायचे आणि आम्ही आठाचा पाढा म्हणायचो. आठ एके आठ म्हणून श्वास घेतला की सम, आठ दुणे सोळा म्हटलं की पुन्हा सम. ज्या पोरांना पाढा येत नव्हता त्यांच्या आयांना तो आधी पाठ झाला, कारण त्या ओव्या म्हणून तयार होत्या. कोणी टोपली विणून आणली, कोणी गोधडी. मास्तर गोधडीचे टाके मोजायला लावायचे आणि विचारायचे, ही नक्षी पुन्हा पहिल्यासारखी कुठे होते? बाया पदराआड हसायच्या आणि बरोबर बोट ठेवायच्या.

फळा बाहेर काढण्याचं आणखी एक कारण होतं. वेशीबाहेरच्या वस्तीतला किसन हलगीवाला आणि त्याच्या घरचे शाळेच्या आत येऊ शकत नव्हते, गाव येऊ देत नव्हतं. झाडाखाली कोणी कोणाला आत-बाहेर करू शकत नाही. एका रविवारी मास्तरांनी किसनला सहाची फेरी वाजवायला सांगितली आणि आबांना आठाची. दोघांनी एकदम सुरुवात केली आणि लगेच फाटाफूट झाली, कान किटले. माझी आई म्हणाली, "हे भांडान मिटायचं न्हाई." मास्तर म्हणाले, थांबा. आणि किसनच्या चार फेऱ्या होऊन आबांच्या तीन झाल्या तेव्हा दोघांची थाप एकदम पडली, धा, एकच. सगळ्यांच्या तोंडून "हां" निघालं. पुन्हा वाजवा, पुन्हा वाजवा. त्या दिवशी ते दोघं दमेपर्यंत वाजवत होते आणि दर वेळी ती थाप येण्याआधी पोरं श्वास धरून बसायची. आई फळ्यावर एकाखाली एक चार रेघा आणि तीन रेघा मारत होती. किसनची बायको म्हणाली, "आमचं धनी लगीच येत्यात, तुमचं वाट बघाय लावत्यात." आई म्हणाली, "घरीबी तसंच हाय, बये." मी आयुष्यात नंतर पुष्कळ कार्यक्रम पाहिले. इतकं खरं हसणं कुठे ऐकलं नाही.

पाटलांना हे खपलं नाही. देवाचा मृदंग आणि किसनची हलगी एका समेवर आली हे गावात त्यांच्याआधी कोणाला टोचलं नव्हतं. ते आबांना चावडीवर म्हणाले, "भजनाला बसायचंय का हलगीसंगं, ते ठरीव." आणि वर कळवलं की मास्तर शाळेत तमाशा भरवतो, पोरांना काही येत नाही. त्यावरून शाळा तपासणारे साहेब येणार असं ठरलं. त्यांना आम्ही दिपोटी म्हणायचो.

यात माझं काय होतं ते सांगते. मी चौथीत होते. गावात शाळा चौथीपर्यंतच. मास्तरांची बहीण तळेगावात राहायची. मला तिच्या घरी ठेवून पाचवीला घालायचं असं मास्तरांनी आबांच्या मागे लागून जवळजवळ ठरवलं होतं. आबा म्हणाले होते, दिपोटीनं पोरगी हुशार आहे म्हणून सांगितलं तर धाडीन. आई मला नवं परकर-पोलकं शिवत होती. मी वडगावच्या बाजाराखेरीज कधी कुठे गेले नव्हते आणि मनातल्या मनात तळेगावला राहायलाही लागले होते.

दिपोटी टांग्यातून आले. कोट, रुमाल, हातात काठी. चेहरा वाईट नव्हता. वाईट चेहऱ्याचा असता तर मी सावध राहिले असते. शाळेत सारवलेल्या जमिनीवर आम्ही पोरं, भिंतीकडेला गाव. पाटील खुर्चीशेजारी. आबा कोपऱ्यात, मृदंग मांडीवर, खोळीत घातलेला. बाया दाराशी. किसन आणि त्याच्या घरचे बाहेर, खिडकीखाली. दिपोटींनी मला उभं केलं. पाढे विचारले, सांगितले. वजाबाकी घातली, केली. ते मास्तरांकडे बघून मान हलवत होते. मास्तरांचा चेहरा फुलला होता. मग अगदी सहज, उठता उठता, त्यांनी विचारलं, "बरं मुली, एक ही सम की विषम?"

आम्ही शाळेत एकी आणि बेकी म्हणायचो. खेळातला शब्द, सगळ्यांना ठाऊक, मास्तरही तोच वापरायचे. पुस्तकी शब्द मी ऐकलेला नव्हता. पण सम हा शब्द मला दुसरा कोणताही शब्द कळायच्या आधीपासून माहीत होता. एकावर सम. इतका सोपा प्रश्न साहेब का विचारतात असंच मला वाटलं. मी खणखणीत आवाजात म्हणाले, "सम."

"नीट विचार कर. एक."

"सम साहेब. एकावरच सम येती." आणि त्यांना कळावं म्हणून मी टाळी वाजवून दाखवली.

पाटील मोठ्याने हसले. मग ज्यांना काही कळलं नव्हतं तेही हसले. दिपोटी मास्तरांना म्हणाले, "चौथीच्या मुलीला सम-विषम माहीत नाही आणि तुम्ही रविवारी ढोल वाजवता."

मास्तर घाईघाईने म्हणाले, "साहेब, ती तालातली सम सांगतेय. तालात पहिल्या मात्रेला..."

"मी गणित विचारलं. ताल विचारला नाही."

तेवढ्यात खिडकीतून किसनचा आवाज आला. "पोरीचं बरूबर हाय साहेब. सम एकावरच येती. आबांना इचारा, त्येंचीच शिकवन हाय."

"तू गप रं. तुला कुनी इचारलं?" पाटील म्हणाले.

पण दिपोटींनी मान वळवली. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, हे मला आजही मान्य आहे. ते आबांना म्हणाले, "तुम्ही शिकवता हिला वाजवायला? त्यातून म्हणाली का ही?"

सगळं गाव आबांकडे बघत होतं. मी बघत होते. व्हय म्हणायचं होतं. एवढी अडीच अक्षरं. आबांनी एकदा पाटलांकडे बघितलं. मग नखात अडकलेली वाळकी कणीक कोरायला लागले. माझ्या हातची कणीक. म्हणाले, "न्हाई साहेब. पोरीला कोन शिकवतंय. कुटं काय ऐकती आन् बडबडती. येडी हाय जरा."

दिपोटींनी टाक उचलला आणि मला खाली बसायला सांगितलं.

पुढचं लवकर झालं. रविवार बंद करायचा हुकूम आला. मास्तरांची बदली दुसऱ्या तालुक्यात झाली. जाताना ते आमच्या अंगणात येऊन उभे राहिले, आईनं त्यांना गूळपाणी दिलं, आबा शेतावरून आलेच नाहीत. तळेगावचं नाव घरात पुन्हा निघालं नाही. आबा म्हणाले, "बास झाली साळा." ते परकर-पोलकं मी गुरं राखायला जाताना घातलं आणि पुढल्या उन्हाळ्यात मला लोणावळ्याला दिली, ती त्याच पोलक्यात. नवरा रेल्वेत होता, माणूस बरा होता, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. या लेखात तक्रार एकाच माणसाची आहे.

लोक मला सांगतात, आजी, तेव्हाचा काळच तसा होता. पाटलांना दुखवलं असतं तर भजन गेलं असतं, कदाचित बांधावरून भांडण लागलं असतं, पोरीची बदनामी झाली असती. मला ठाऊक आहे. आबांना कशाकशाची भीती होती ते मला त्यांच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पण किसनला भीती नव्हती का? त्याला तर खिडकीच्या आत यायची मुभा नव्हती, तरी तो बोलला. भीतीचं कारण समजलं म्हणजे माफ करायलाच पाहिजे हे मला कोणी पटवून देऊ शकलेलं नाही. गेल्या वर्षी रेवाला मी सहज विचारलं, एक सम की विषम? पोरगी कथ्थक शिकते. तिनं वहीतून डोकं काढलं आणि म्हणाली, "कशातली?" एवढं एकच विचारायचं होतं. त्या खोलीत शिकलेले होते, मोठे होते, ते कोणालाच सुचलं नाही.

दिपोटी येऊन गेल्यानंतरच्या एकादशीची गोष्ट सांगून हे संपवते. दिवेलागणीला भजन होतं. दुपारी आबा मृदंग उन्हात ठेवून म्हणाले, "कनीक मळून ठिव." मी मडकं खाली काढलं. सगळं पीठ काठवटीत ओतलं, ज्या काठवटीवर मी सम शिकले होते त्याच. मीठ घातलं. मृदंगाच्या कणकेत मीठ घालत नाहीत. आईनं ते पाहिलं. मी गोळा केला, लाटला आणि चुलीवर तवा ठेवला. मला वाटलं आता पाठीत धपाटा बसणार. आई म्हणाली, "तवा नीट तापू दे." मग थोड्या वेळानं म्हणाली, "जाड लाटतीस. मला दे." आणि आम्ही दोघींनी त्या कणकेच्या पोळ्या केल्या, गुळाशी, चुलीपुढे बसून खाल्ल्या. उपास आईचाही होता. तिनं तो मोडला.

भजनाला निघायच्या वेळी आबा आत आले. रिकामं मडकं बघितलं, काठवट बघितली.

"पीठ कुटं हाय?"

"खाल्लं," मी म्हणाले.

मारायला त्यांचा हात वर गेला. आई मध्ये आली नाही, नुसती म्हणाली, "येडी हाय जरा." हात तिथेच राहिला आणि मग खाली आला.

दुसऱ्या कोणाकडे मागायला वेळ नव्हता. आबांनी घाईनं नाचणीचं पीठ भिजवून थापलं आणि देवळात गेले. आम्ही बाया मागे बसलो. नाचणीला चिकटपणा नसतो. पहिला अभंग निम्मा झाला तोच तिला चिरा गेल्या आणि तुकडे सुटून आबांच्या मांडीवर पडायला लागले. उजवा हात बरोबर चालला होता, डावा पोकळ. सम यायची, पण तिला पोट नव्हतं, नुसतं टण. टाळकरी एकमेकांकडे बघायला लागले. अभंग संपल्यावर एका म्हाताऱ्यानं विचारलं, "आबा, आज सम कुटं गेली?"

आबांनी मांडीवरचा चुरा झटकला. म्हणाले, "पोरीनं खाल्ली."

देऊळभर हशा झाला. आबाही हसले आणि आमच्या बाजूला बघितलं, मी हसते आहे का म्हणून. सम माझ्याकडे आहे हे त्यांनी गावासमोर कबूल केलं ते असं, थट्टेत, जिथे कबूल करायला काही लागत नव्हतं आणि मला त्याचा काही उपयोग नव्हता. मी हसले नाही. लग्न होईपर्यंत आणि लग्नानंतर माहेरी जायची तेव्हाही, त्या मृदंगाला मी पुन्हा कणीक मळून दिली नाही. आबांनी मागितलीही नाही.